ऊर नदीच्या खोऱ्यात ग्रॅव्हल सायकल : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जर्मनी, बेल्जियम आणि लक्झेम्बर्ग या तीन देशांच्या सीमा जिथे एकमेकींना भिडतात, त्या आयफेल आणि आर्डेनच्या डोंगराळ पट्ट्यात एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत मी ग्रॅव्हल सायकलवर, म्हणजे खडीच्या कच्च्या वाटांसाठी बनवलेल्या रुंद टायरांच्या सायकलवर, सुमारे 2,400 किलोमीटर हिंडले. हा अनुभव सायकलचा आहे तितकाच त्या वाटांचाही आहे, कारण सायकलवर जे बदल मला करावे लागले, ते सगळे या भूभागानेच करायला लावले. इकडे येणाऱ्याला एकच गोष्ट आग्रहाने सांगायची झाली तर ती अशी : दिवसाचा बेत किलोमीटरवर आखू नका, वाटेत किती वेळा नदीपर्यंत उतरून पुन्हा वर यावे लागणार आहे ते आधी मोजा.

हे मला पहिल्या महिन्यात कळले नव्हते, आणि त्याला कारण फेनबान. जर्मनीतल्या आखेनपासून लक्झेम्बर्गमधल्या त्र्वाव्हिएर्जपर्यंत जाणारा हा सुमारे 125 किलोमीटरचा सायकलमार्ग एका जुन्या लोहमार्गाच्या जागेवर तयार केलेला आहे, आणि आगगाडीला झेपेल इतकाच चढ ठेवण्याची काळजी त्या काळच्या अभियंत्यांनी घेतलेली असल्यामुळे चढ कुठेही दोन टक्क्यांच्या फार वर जात नाही. या मार्गाचा इतिहास विलक्षण आहे. पहिल्या महायुद्धानंतर ऑयपेन आणि मालमेडीचा जर्मन मुलूख बेल्जियमकडे गेला, तेव्हा रुळांखालची जमीनही बेल्जियमला मिळाली. त्यामुळे रुळांच्या पश्चिमेला राहिलेले जर्मनीचे काही तुकडे बेल्जियमने वेढलेली बेटे होऊन बसले. म्युत्सेनिश हे त्यांतले सर्वांत मोठे. रुळ उखडले गेले तरी ती सीमा आजही तशीच आहे. मार्ग म्हणून फेनबान मला मनापासून आवडतो, परंतु तो जवळजवळ संपूर्ण डांबरी आहे, आणि 45 मिलिमीटर रुंदीचे टायर घेऊन त्यावर जाणे म्हणजे हाताशी असलेल्या सायकलचा निम्माच उपयोग करणे होय. शिवाय तो या प्रदेशाविषयी चुकीची समजूत करून देतो : त्यावरून जाताना हा मुलूख सपाट वाटतो.

तो सपाट नाही, हे ऊर नदीपाशी पोहोचल्यावर लगेच कळते. बेल्जियममध्ये उगम पावून सुमारे 78 किलोमीटर वाहत वालेनडॉर्फ येथे झाउअर नदीला मिळणारी ही नदी तशी लहानच आहे. मात्र सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या स्लेटच्या आणि वालुकाश्माच्या थरांवर असलेले हे पठार जसजसे उचलले गेले, तसतशी नदी आपल्या वळणांसह खाली खाली कोरत गेली, आणि म्हणूनच पठार 500 मीटरच्या आसपास असताना नदीचे पात्र 200 ते 300 मीटरच्या दरम्यान राहिले आहे. याचा हिशेब सोपा आहे. एकदा दरी ओलांडली की साधारण अडीचशे मीटर चढ पदरी पडतो; दिवसात चार वेळा ओलांडली की हजार मीटर होतात, मग नकाशावर अंतर साठच किलोमीटर दिसत असले तरी. त्यातही नदीच्या काठाने जाणारी वाट म्हणजे आरामाची वाट, हा समज इथे टिकत नाही. जिथे कडा थेट पाण्यात उतरतो, तिथे वाटेला जागाच उरत नाही, आणि ती निमूटपणे जंगलातून शंभर मीटर वर चढून पलीकडच्या वळणावर पुन्हा खाली येते.

माझा सर्वांत आवडता टप्पा ऊरेनपासून सुरू होतो. तिथे तिन्ही देश एका बिंदूपाशी येतात, आणि त्याच्या पुढे ऊर ही जर्मनी आणि लक्झेम्बर्ग यांच्यामधली सीमा होते. नदीच्या मधोमध मात्र सीमारेषा नाही. 1816 च्या करारापासून हे पाणी दोन्ही बाजूंच्या सामाईक मालकीचे आहे, म्हणजे पुलावर उभे राहिले की आपण एकाच वेळी दोन्ही देशांत असतो. डासबुर्गपाशी मी दर वेळी थोडी थांबते. 1944 च्या डिसेंबरात जर्मन सैन्याने आर्डेनवर हल्ला केला तेव्हा रणगाडे इथल्याच पुलावरून पलीकडे नेले होते, आणि पलीकडच्या डोंगराच्या कण्यावरून जाणाऱ्या ज्या रस्त्याला अमेरिकी सैनिक ‘स्कायलाइन ड्राइव्ह’ म्हणत, त्यावर पोहोचण्यासाठी आपल्यालाही तोच चढ चढावा लागतो. दरीतून वर येताना पाय भरून आले की या भूगोलाने त्या लढाईत काय केले असेल, ते पुस्तकापेक्षा स्वच्छ समजते.

आता सायकलविषयी. मी घेतली तेव्हा तिला पुढे 40 दात्यांची एकच चकती आणि मागे सर्वांत मोठी 42 दात्यांची होती. दुकानाबाहेरच्या सपाट रस्त्यावर हे उत्तम वाटले, पण जंगलातल्या बारा-पंधरा टक्क्यांच्या खडीच्या चढावर ते पुरत नाही. तिथे उभे राहून पेडल मारले तर मागचे चाक खडीवर घसरते, म्हणून बसूनच चढावे लागते, आणि बसून चढायचे तर गिअर हलका हवा. जूनमध्ये मी पुढची चकती 36 दात्यांची केली. पेडलच्या मिनिटाला साठ फेऱ्या या गतीने पूर्वी ताशी साडेसात किलोमीटर वेग लागायचा, तो पावणेसातवर आला. फरक कागदावर किरकोळ दिसतो. गुडघ्यांना तो मोठा आहे. उतारावर किंवा फेनबानवर वेग थोडा कमी पडतो, याची मला एकदाही खंत वाटली नाही.

टायरांचा प्रश्न अधिक अवघड होता. इथल्या वाटांवरची खडी गोलसर नसते. स्लेटचे पातळ, धारदार कपचे असतात, आणि ते टायरच्या तळाला नव्हे तर बाजूच्या भिंतीला चिरतात. पहिला टायर मे महिन्यात असाच गेला. चीर लांब होती, सीलंट (छिद्रे आपोआप बुजवणारा टायरमधला द्रव) भसाभसा बाहेर आले, आत ट्यूब घालून आणि चिरेखाली कापडाचा तुकडा लावून मी कशीबशी पक्क्या रस्त्यापर्यंत आले. त्यानंतर भिंती मजबूत केलेले टायर घेतले. ते जड आहेत, पण नोव्हेंबरपर्यंत फक्त दोन छिद्रे पडली आणि दोन्ही जागच्या जागी बुजली. माझे, सायकलचे आणि पिशव्यांचे मिळून वजन ऐंशी किलोच्या आसपास भरते, आणि त्यासाठी पुढे 1.7 आणि मागे 1.9 बार हवा मला सर्वांत योग्य वाटली. सीलंट दर दोन-तीन महिन्यांनी तपासणे भाग आहे. उन्हाळ्यात ते आत वाळून जाते आणि बाहेरून काहीच कळत नाही.

ब्रेकच्या बाबतीत चूक माझी होती. ऑक्टोबरच्या पावसात चिखल आणि बारीक वाळू डिस्कवर, म्हणजे चाकाला लावलेल्या ब्रेकच्या चकतीवर, सतत येत राहते, आणि तिला दाबून धरणारे मऊ पॅड त्यात विलक्षण वेगाने झिजतात. हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड झिजले तरी दांडीचा स्पर्श फारसा बदलत नाही, त्यामुळे मला काही जाणवले नाही. डासबुर्गच्या उतारावर धातू घासल्याचा आवाज आला तेव्हा पॅड संपलेले होते आणि मागची डिस्क खरवडली गेली होती. तेव्हापासून मी धातुमिश्रित पॅड वापरते, ते आवाज करतात पण टिकतात, आणि पावसात प्रत्येक फेरीनंतर टॉर्चच्या उजेडात त्यांची जाडी पाहते.

वाट शोधण्यासाठी पूर्व बेल्जियममधली चौकाचौकांत लावलेल्या क्रमांकांच्या खांबांची पद्धत सर्वांत सोयीची आहे : पुढच्या चौकांचे क्रमांक कागदावर लिहून घेतले की पुरते. मात्र ते क्रमांक मुख्यतः पक्क्या वाटांवर नेतात. जंगलातल्या वाटांसाठी उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा उपकरणात हवाच. शेतांमधल्या पाणंदी आयफेलमध्ये पुष्कळ ठिकाणी डांबरी किंवा काँक्रीटच्या असतात, त्यामुळे खरी खडी जंगलातच मिळते. जर्मन बाजूच्या ऱ्हाइनलँड-फाल्ट्स राज्यात जंगलात सायकल फक्त रस्त्यांवर आणि वनमार्गांवर चालवता येते, अरुंद पायवाटांवर नाही, आणि हा नियम मला रास्त वाटतो. बेल्जियममध्ये शरद ऋतूत शिकारीच्या दिवशी जंगलाच्या तोंडाशी लाल फलक लागतात. तो दिसला की मागे फिरायचे. 2024 च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सर्व भूसीमांवर तात्पुरती तपासणी सुरू केली. लहान पुलांवर मला कुणी अडवले नाही, तरी ओळखपत्र मी जवळ ठेवतेच.

दमल्यावर परतण्याची उत्तम सोय लक्झेम्बर्गच्या बाजूला आहे. 2020 पासून त्या देशात आगगाडीच्या दुसऱ्या वर्गाचा प्रवास मोफत आहे आणि सायकलचेही पैसे पडत नाहीत. म्हणून मी शक्यतो फेरीचा शेवट त्र्वाव्हिएर्जच्या स्थानकावर येईल असा बेत करते, म्हणजे शेवटचा चढ नको वाटला तर तो टाळता येतो.

सप्टेंबरच्या सकाळींबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. थंड हवा रात्रभर दरीत साचते आणि ऊरवर इतके दाट धुके धरते की पुढचे वळण दिसत नाही. हातमोजे घालून निघायचे, वीस-पंचवीस मिनिटे चढायचे, आणि मग एका झाडाशी धुके अचानक संपते, वर कोवळे ऊन आणि खाली पांढरी भरलेली दरी. अशा चढांनी गुडघे दुखले, पण एकही मला वाया गेल्यासारखा वाटला नाही.

आठ महिन्यांत दोन चेन, ब्रेक पॅडचे तीन संच, एक डिस्क, एक टायर आणि पुढची चकती एवढे बदलावे लागले. फ्रेम, चाकांच्या रिमा आणि मधले बेअरिंग अजून ठीक आहेत. तिसरी चेन आता लागली आहे, आणि ती झिजण्याआधी मागचा कॅसेटही, म्हणजे दातेरी चकत्यांचा संचही, बदलावा लागेल, असे दात्यांच्या टोकांवरून दिसते.