जुन्या एमजीबीत रबराच्या नावाखाली बसवलेले कडक बुश

जुनी एमजीबी (ब्रिटिश स्पोर्ट्स कार) असणाऱ्यांनी हे जरूर वाचावं. ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही, कारण काम झाल्यावर गाडी खरोखरच घट्ट लागते आणि घट्ट लागली की माणूस समाधानाने बिल भरतो.

माझी गाडी पुढून सैल झाली होती. ब्रेक मारला की एका बाजूला ओढायची. पुढच्या खालच्या विशबोनचे बुश गेले होते, त्यात शंकाच नव्हती. विशबोन म्हणजे चाक बॉडीला जोडणारा हात आणि बुश म्हणजे त्याच्या सांध्यातली धक्के शोषणारी गादी. १९६२ पासूनच्या साध्या एमजीबीत तिथे रबराचे अर्धे-अर्धे बुश असतात, प्रत्येक छिद्रात दोन. १९७३ साली व्ही-८ (आठ सिलिंडरच्या) इंजिनाची, बंद छताची एमजीबी जीटी आली, तिला धातूच्या दोन स्लीव्हमध्ये (नळ्यांमध्ये) पक्कं चिकटवलेल्या रबराचा एकसंध बुश दिला होता. तो साध्या गाडीलाही बसतो, जास्त टिकतो आणि गाडीचा मऊपणाही राखतो. मी तोच मागितला. सोबत पुढचे लिव्हर आर्म (बाहेरच्या दांड्याने चालणारे, आत तेल असलेले) शॉकॲब्सॉर्बर उघडून दुरुस्त करायचं ठरलं. या गाडीत शॉकॲब्सॉर्बरचा दांडाच वरच्या विशबोनचं काम करतो, तेव्हा तिथे कुचराई चालत नाही. बिलावर दोन्ही कामं स्वच्छ अक्षरात लिहिलेली आहेत.

गाडी देताना मेकॅनिकने पुढच्या मडगार्डवर दोन्ही हातांनी जोर दिला. “बघा, हलत नाही. नवीन झाली तुमची गाडी.”

रस्त्यावर मात्र प्रत्येक सांधा थेट स्टिअरिंगमध्ये जाणवू लागला. हळू चालवताना खालून करकर यायची. तक्रार केली तर उत्तर ठरलेलं: “माल नवा आहे, हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसेल.” या वाक्यापासून सावध राहा. चिकटवलेल्या रबराच्या बुशमध्ये काहीच घासत नाही. विशबोन वरखाली होतं तेव्हा रबर स्वतः पिळतं आणि परत येतं. असा बुश नीट बसवला असेल तर तो पहिल्या दिवशीही करकरत नाही.

काही आठवड्यांत गाडी पुढून डोलायला लागली, कडकपणा मात्र तसाच. दुसऱ्या गॅरेजमध्ये उघडून घेतली. आत काळ्या पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकचे) अर्धे-अर्धे बुश निघाले. रंग काळा, त्यामुळे लांबून रबरच वाटावं. नख दाबलं तर खूणही उमटेना, आतली स्लीव्ह दोन बोटांनी ओढताच बाहेर आली, आणि ग्रीसचा थेंब नाही. पॉलियुरेथेन मुळात वाईट नाही. शर्यतीची गाडी असेल, मालकाने स्वतः मागितलं असेल, तर ते योग्यच. पण त्यात स्लीव्ह सरकत फिरते, म्हणून ग्रीस लागतंच. कोरडं बसवलं की ते अडकतं, आवाज करतं आणि धक्के पुढे ढकलतं.

शॉकॲब्सॉर्बरचं तर मला जास्त दुःख झालं. बाहेरून पुसून रंग मारलेला, आत जाड तेल भरलेलं. दांडा ज्यावर फिरतो तो झिजलेला आस आणि त्याचं बेअरिंग यांना हातही लावलेला नव्हता. जाड तेलामुळे हाताने दाबून पाहताना शॉक भक्कम वाटतो. पुढे तेल झिजलेल्या आसाजवळून गळून जातं, आणि आसातल्या फटीमुळे चाकाचा कोन हलतो तो हलतोच.

मला न विचारता मागच्या पाट्यांनाही (लीफ स्प्रिंगांना) तसलेच पॉलियुरेथेनचे बुश घातले होते. एक चाक उचललं गेलं की पाट्याला थोडं पिळावं लागतं, ती मुभा मऊ रबर देतं. या गाडीला वेगळी चेसिस नाही. पाट्यांची टोकं बॉडीच्या पत्र्यालाच धरलेली आहेत आणि इतक्या जुन्या गाडीत तो पत्रा आधीच गंजाने कमजोर असतो. माझ्या गाडीत पुढच्या टोकाच्या जुन्या वेल्डिंगला चीर दिसली. ती आधीची की नंतरची, हे सिद्ध करता येणार नाही, आणि पहिल्या गॅरेजवाल्याने नेमकं तेच धरून ठेवलं. वर म्हणाला, “हे रबरापेक्षा भारी मटेरियल आहे.” भारी असेल, पण मी मागितलं नव्हतं, आणि बिलावर रबर लिहिलं आहे. काढलेले जुने भाग मागितले तर म्हणे भंगारात गेले.

तुम्ही हे काम काढणार असाल तर बुश बसवण्याआधी हातात घ्या. व्ही-८ प्रकारच्या बुशला बाहेरून धातूची स्लीव्ह असते, तो एकच तुकडा असतो आणि आतली स्लीव्ह बोटांनी फिरत नाही. अख्ख्या गाडीला असे चार लागतात. आठ अर्धे तुकडे समोर आले तर तिथेच थांबवा. शॉकचा दांडा वरखाली नव्हे, आडवा हलवून पाहा. जुने भाग परत मिळतील हे बिलावर आधीच लिहून घ्या. आणि विशबोनचे नट शेवटचे आवळताना गाडी चाकांवर उभी असू द्या. चाकं लोंबकळत असताना आवळले तर खरं रबरही कायम पिळलेलं राहून लवकर फाटतं.

माझे पैसे अजून परत मिळालेले नाहीत. काढलेले बुश, शॉकमधल्या तेलाची बाटली, चिरेचे फोटो आणि ते बिल मी ग्राहक तक्रारीसाठी एकत्र बांधून ठेवलं आहे.