आई-बाबांना क्रूझवर न्यावं की कोकणात? साथ चालू असताना ठरवायचं कसं

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना समुद्र नाही. त्यामुळे आई-बाबांच्या साठीला किंवा लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला त्यांना समुद्र दाखवायचं ठरलं, की लेकरं दोनच पर्याय पुढे करतात. एक म्हणजे मुंबईहून सुटणारी गोव्याची नाहीतर लक्षद्वीपची क्रूझ. दुसरा, घरची किंवा भाड्याची गाडी घेऊन गणपतीपुळे, गुहागर, हरिहरेश्वर. एरवी हा हौसेचा आणि खिशाचा प्रश्न. पण कोविडसारखी साथ चालू असेल, किंवा बातम्यांत रुग्णांचे आकडे पुन्हा चढायला लागले असतील, तर आधी तब्येतीचा हिशेब मांडावा लागतो. नात्यातल्या बऱ्याच जणांनी मला हे विचारलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत आधीच सांगून टाकते. लागण कुठे होईल एवढंच बघू नका. लागण झाल्यावर पुढचा निर्णय कोणाच्या हातात राहील, तेही बघा. गाडीत तो तुमच्या हातात असतो. जहाजावर तो कप्तान, बंदर आणि तिथलं सरकार यांच्याकडे जातो.

जहाज अडकतं तेव्हा

डायमंड प्रिन्सेस हे नाव २०२०च्या फेब्रुवारीत आपल्या वाहिन्यांवरही रोज ऐकू यायचं. जपानच्या योकोहामा बंदरात उभ्या असलेल्या त्या जहाजावर २,६६६ प्रवासी आणि १,०४५ कर्मचारी होते. २५ जानेवारीला हाँगकाँगला उतरून गेलेल्या एका प्रवाशाची चाचणी १ फेब्रुवारीला पॉझिटिव्ह आली आणि ५ फेब्रुवारीपासून सगळ्यांना चौदा दिवस केबिनमध्ये बसवलं. शेवटी ७१२ जणांना लागण झाल्याचं निघालं, म्हणजे जवळपास दर पाचांत एक. त्यातल्या निम्म्याच्या आसपास लोकांना चाचणीच्या वेळी ना ताप होता ना खोकला. दारात उभं राहून कपाळावर थर्मामीटरची बंदूक धरण्याने किती जण सुटतात, ते या आकड्यावरून कळतं.

प्रवासी खोल्यांत बंद झाले, पण कर्मचारी बंद होऊ शकले नाहीत. दारोदार जेवण पोचवायचं, भांडी आणायची, हे काम त्यांचंच. ते एका खोलीत एकापेक्षा जास्त जण झोपत होते आणि एकाच मेसमध्ये जेवत होते. त्या जहाजावर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ भारतीय दिल्लीत उतरले आणि त्यांना पुन्हा मानेसरच्या क्वारंटाइन केंद्रात राहावं लागलं. क्रूझचा विचार करताना आपण आपल्या केबिनचाच विचार करतो. केबिनबाहेर हजारभर माणसं दाटीवाटीने राहत, आपल्या ताटापर्यंत येत-जात असतात, हे लक्षात येत नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये झांडाम नावाच्या जहाजाला दक्षिण अमेरिकेतलं एकेक बंदर नकार देत गेलं. जहाजावर चार जण दगावले आणि एप्रिलच्या सुरुवातीला ते फ्लोरिडाला लागू शकलं. डिसेंबर २०२०मध्ये सिंगापूरहून निघालेल्या क्वांटम ऑफ द सीज या जहाजावर एका ८३ वर्षांच्या आजोबांची चाचणी पॉझिटिव्ह आली. सुमारे १,७०० प्रवासी खोल्यांत थांबवून जहाज मागे फिरवलं. नंतरच्या चाचण्यांत आजोबांना लागण नव्हतीच असं निघालं, पण तोवर सगळ्यांची सहल संपली होती.

आपल्याकडचं उदाहरण जानेवारी २०२२चं. ओमायक्रॉनच्या लाटेत मुंबईहून दोन हजारांच्या आसपास माणसं घेऊन गेलेल्या जहाजावर गोव्यात ६६ जण पॉझिटिव्ह निघाले. गोवा बघणं बाजूलाच राहिलं आणि जहाज मुंबईला परत आलं. मुंबई-गोवा हे अंतर समुद्रातून फारसं नाही, किनारा सतत जवळ असतो. तरीही उतरायचं की नाही, हे प्रवाशांनी ठरवलं नाही.

जमिनीवर माणसं अडकत नाहीत असं मात्र कोणी म्हणू नये, निदान नांदेडकरांनी तरी नाही. मार्च २०२०च्या लॉकडाऊनमध्ये हुजूर साहिबच्या दर्शनाला आलेले पंजाबचे हजारो यात्रेकरू महिन्याहून अधिक काळ नांदेडलाच राहिले आणि एप्रिलअखेरीस बसने घरी गेले. तिकडे पोचल्यावर त्यांच्यातल्या कित्येकांच्या चाचण्या पॉझिटिव्ह आल्या. दोष त्या भाविकांचा नव्हता. एकत्र मुक्काम, एकत्र प्रवास आणि बंद जागा जिथे जमून येतात, तिथे विषाणू आपलं काम करतो. कोकणात जाताना चौदा जणांचा टेम्पो ट्रॅव्हलर, काचा वर आणि एसी चालू, अशी यात्रा काढणार असाल, तर त्या आठ-दहा तासांत तुम्ही जहाजापेक्षा सुरक्षित नाही.

हवा, जेवण आणि पाणी

कोकणातल्या घरगुती मुक्कामाला इथे सरळ गुण जास्त मिळतात. खिडकी उघडता येते, ओटीवर बसता येतं, जेवण गरम-गरम ताटात येतं आणि शेजारच्या खोलीत फार तर आणखी एक कुटुंब. अर्थात दिवाळीच्या सुट्टीत किंवा डिसेंबरअखेर गणपतीपुळ्याच्या देवळात जी गर्दी होते, तिच्यात हा फायदा वाहून जातो. मधल्या वारी जा.

जहाजावर उघडा डेक हीच सगळ्यात चांगली जागा. धोका असतो तो लिफ्ट, थिएटर, कॅसिनो आणि बुफेच्या रांगेत. केबिनचे साधारण तीन प्रकार असतात: आतली बिनखिडकीची, बंद काचेच्या खिडकीची आणि बाल्कनीची. एजंट आतली केबिन स्वस्त म्हणून गळ्यात मारतो, "झोपायलाच तर जायचंय" म्हणतो. साथीच्या काळात हे ऐकू नका. अडकलातच तर त्याच खोलीत दिवसच्या दिवस काढावे लागतील. डायमंड प्रिन्सेसवर बिनखिडकीच्या केबिनमधल्या लोकांना मोकळ्या हवेसाठी डेकवर थोडा वेळ मिळण्याची वाट बघावी लागायची. पैसे बाल्कनीपुरते नसतील तर क्रूझच पुढे ढकला.

कोविडच्या धास्तीत आणखी दोन गोष्टी विसरल्या जातात. नोरोव्हायरस म्हणजे एकदम सुरू होणाऱ्या उलट्या-जुलाबांचा आजार. जहाजांवर तो पूर्वीपासून आहे आणि सॅनिटायझर त्याच्यावर फारसं चालत नाही. साबण आणि पाण्यानेच हात धुवावे लागतात, जेवणाआधी आणि शौचानंतर प्रत्येक वेळी. धडधाकट माणूस एक ते तीन दिवसांत बरा होतो. पण शुगरच्या आणि बीपीच्या गोळ्या चालू असलेल्या सत्तरीच्या माणसाच्या अंगातलं पाणी कमी झालं, तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. ओआरएसची पाकिटं सोबत असू द्या. दुसरं, गरम पाण्याचा हॉट टब. त्याच्या वाफेतून लिजिओनेला नावाच्या जिवाणूचा न्यूमोनिया होऊ शकतो आणि पन्नाशी ओलांडलेल्यांना त्याचा धोका जास्त असतो. आई-बाबांना त्यात उतरवू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.

दवाखाना किती लांब

मोठ्या जहाजावर डॉक्टर असतो, नर्स असते, ऑक्सिजन असतो, बहुतेक ठिकाणी ईसीजी आणि एक्स-रेची सोय असते. ते तात्पुरतं सावरायला पुरतं. शस्त्रक्रिया किंवा बरेच दिवसांचा आयसीयू हवा असेल तर किनाराच गाठावा लागतो. गोव्याच्या फेरीत किनारा काही तासांवर राहतो. लक्षद्वीपचं तसं नाही. ती बेटं केरळच्या किनाऱ्यापासून दोनशे-चारशे किलोमीटर आत आहेत आणि तिथल्या रहिवाशांनासुद्धा गंभीर आजारात हेलिकॉप्टरने कोचीला हलवावं लागतं. ज्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेला आहे, ज्यांचं डायलिसिस चालू आहे किंवा ज्यांना घरी ऑक्सिजन लागतो, त्यांच्यासाठी साथ असो वा नसो, लक्षद्वीपची क्रूझ मी सुचवणार नाही.

कोकणातही पावला-पावलावर मोठं रुग्णालय नाही, हे खरं आहे. गुहागर-वेळणेश्वरकडे राहिलात तर चिपळूण तास-दीड तासावर, सावर्ड्याजवळ डेरवणला वालावलकर रुग्णालय, दक्षिणेला रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय. घाटातले रस्ते वळणाचे आणि रात्री कठीण. पण गाडी दारात उभी असते. बाबांना ताप आला आणि ऑक्सिमीटरवर आकडा ९४च्या खाली गेला, तर तुम्ही कोणाला न विचारता निघू शकता. म्हातारं माणूस सोबत असताना मला हे सगळ्यात मोलाचं वाटतं.

बंदरापर्यंतचा प्रवास

क्रूझची जोखीम मुंबईच्या धक्क्यावर सुरू होत नाही. ती लातूरच्या स्लीपर ट्रॅव्हल्समध्ये किंवा परभणीला देवगिरी एक्सप्रेसच्या डब्यात चढलात तेव्हाच सुरू झालेली असते. त्याच्याही आधी, त्याच आठवड्यात जेवून आलेल्या लग्नात. ओमायक्रॉनची लक्षणं लागण झाल्यावर साधारण दोन-चार दिवसांत दिसायची, म्हणजे मंगल कार्यालयात घेतलेला आजार नेमका जहाजावर उमटायचा. निघण्याआधीचे पाच-सहा दिवस लग्न-मुंज, बारसं, बाजार टाळा. सोयरे रागावतील, त्यांना नंतर भेटून समजावता येतं. कोकणात जाणाऱ्यांनाही हाच नियम, फरक इतकाच की निघण्याच्या सकाळी घसा खवखवला तर गाडीचा बेत एका फोनवर पुढे ढकलता येतो. क्रूझचं बुकिंग तसं ढकलता येत नाही.

पैसे आणि विमा

क्रूझचा जाहिरातीतला दर बहुधा दोघांनी एक केबिन वाटून घेतल्यावर माणशी किती, असा असतो. बंदर शुल्क आणि कर वेगळे. त्यापेक्षा महत्त्वाचे तीन प्रश्न एजंटला लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालेल पण तोंडी नको. निघण्याआधी चाचणी पॉझिटिव्ह आली तर पैसे परत मिळतील का? जहाजावर वेगळं ठेवावं लागलं तर त्या दिवसांचा खर्च कोणाचा? जहाजावरच्या डॉक्टरचं बिल कोण भरणार? घरचा मेडिक्लेम परदेशातल्या उपचारांना सहसा लागू नसतो आणि महात्मा फुले योजना तिच्यात नोंद असलेल्या रुग्णालयांतच चालते. सिंगापूरची क्रूझ घेणार असाल तर आजारी माणसाला हलवण्याचा खर्च ज्यात धरलेला आहे, असा प्रवास विमा नसेल तर जाऊ नका.

कोणी काय निवडावं

रुग्णसंख्या चढती असेल आणि सोबत साठीपुढचं, शुगर, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेलं माणूस असेल, तर कोकण. यावर मी फार चर्चा करणार नाही. चार-पाच जण, एक गाडी, शक्यतो घरचाच कोणी चालवणारा, काचा थोड्या खाली आणि एकाच ठिकाणी मुक्काम.

लाट ओसरलेली असेल, सगळ्यांच्या लसी झालेल्या असतील आणि तब्येती बऱ्या असतील, तर गोव्याची छोटी फेरी खुशाल करा. ज्यांना गुडघ्यांमुळे चालवत नाही, त्यांना क्रूझ उलट सोपी जाते: सामान उचलावं लागत नाही, घाटाची वळणं नाहीत, लिफ्टने डेकवर गेलं की समोर समुद्र. आयुष्यभर कापूस आणि तूर बघितलेल्या माणसाला तो डेकवरून बघण्याचा आनंद खरोखर मोठा असतो आणि भीतीपोटी तो कायमचा नाकारू नये. लक्षद्वीप तरुणांनी, धडधाकटांनी करावं. परदेशी क्रूझ साथ पूर्ण निवळेपर्यंत कोणीच नाही, कारण दुसऱ्या देशाच्या बंदरात अडकलात तर तिथे भाषा, पैसा आणि ओळख, तिन्ही गोष्टी तोकड्या पडतात.

क्रूझ ठरलीच, तर तयारी आठवडाभर आधीची नको, महिनाभर आधीची हवी. फ्लूची लस निघण्याआधी किमान दोन आठवडे घेतलेली असावी. २०२१-२२मध्ये लसीचा दाखला आणि आरटी-पीसीआर बघूनच आत सोडायचे. आता बहुतेक ठिकाणी तशी अट राहिलेली नाही, म्हणून घरी अँटिजेन किटने आपली आपणच चाचणी करा आणि दोन किट सोबत ठेवा. लिफ्टमध्ये आणि थिएटरमध्ये एन-९५, कापडी मास्क नको. बुफे उघडल्या-उघडल्या जेवून घ्या, तेव्हा रांग नसते. बोट लागू नये म्हणून अ‍ॅवोमिनसारखी गोळी घेतली की सुस्ती येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर घरच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय ती देऊ नका. रोजच्या गोळ्या लागतात त्याच्या दुप्पट दिवसांच्या घ्या आणि त्या हातातल्या पिशवीत ठेवा, कारण मोठ्या बॅगा धक्क्यावरच द्याव्या लागतात आणि केबिनमध्ये पोचायला कित्येक तास लागू शकतात. इन्सुलिन असेल तर केबिनमधल्या छोट्या फ्रिजवर भरवसा ठेवू नका, चढल्याबरोबर जहाजाच्या दवाखान्यात ठेवायची सोय आहे का ते विचारा.