ओराक्विक: 40 डॉलरचा खोका आणि 20 मिनिटं

न्यू जर्सीतल्या आमच्यासारख्या देशी गे पोरांना एचआयव्हीची तपासणी कुठे होते हे चांगलं ठाऊक असतं. अडतं ते तिथे ओळखीचं कोण भेटेल यावर. एडिसनमधला डॉक्टर मंडळाच्या गणपतीत आरतीला शेजारी उभा असतो. त्यात वय 26 च्या आत आणि विमा बाबांच्या नावावर असला, तर कुठली तपासणी झाली त्याचा कागद सरळ घरच्या पत्त्यावर येऊ शकतो. त्यामुळे औषधांच्या दुकानातून रोख पैसे मोजून आणता येणारं ओराक्विक, म्हणजे घरच्या घरी एचआयव्ही तपासायचं कीट, मला भावलं. किंमत साधारण 40 डॉलर, म्हणजे विद्यार्थ्याला जडच.

सुई नाही, रक्त नाही. आधी 30 मिनिटं काही खायचं-प्यायचं नाही, चहासुद्धा नाही. पट्टी वरच्या हिरडीवरून एकदा, खालच्या हिरडीवरून एकदा फिरवायची आणि सोबतच्या बाटलीत ठेवायची. निकाल 20 ते 40 मिनिटांच्या दरम्यान बघायचा, नंतर नाही. पट्टीवरच्या फक्त 'सी' या खुणेपाशी रेघ आली तर निगेटिव्ह. 'टी'पाशीही आली, अगदी पुसट का असेना, तर प्रयोगशाळेत रक्त तपासून खात्री करायची.

आमच्या ग्रुपवर यावरून भरपूर वाजलं. एकजण म्हणाला, "थुंकीतून पसरत नाही म्हणता, मग थुंकीत सापडतो कसा?" अरे बाबा, हे कीट विषाणू शोधतच नाही, त्याच्याविरुद्ध शरीराने तयार केलेल्या अँटिबॉडीज शोधतं. दुसऱ्याची भीती मात्र मला खोडून काढता आली नाही: "दोन रेघा आल्या आणि खोलीत मी एकटाच असलो तर?"

पाचातला एक तारा मी इथेच कापतो. महाराष्ट्रातल्या सरकारी आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, रांग असते, नाव सांगावं लागतं, पण तपासणीआधी आणि नंतरही समुपदेशक समोर बसून बोलतो. इथे खोक्यात पुस्तिका आणि मदतीचा फोन नंबर. म्हणून मी त्या मित्राला व्हिडिओ कॉलवर घेतलं. त्याने पट्टीकडे बघू नये म्हणून भारताच्या बॅटिंगला यथेच्छ शिव्या घातल्या. एकट्याने त्याने ते कीट उघडलंही नसतं.

निगेटिव्ह आल्यावर लगेच नाचू नका. एफडीएच्या (अमेरिकेतली औषधांना मान्यता देणारी सरकारी संस्था) परवानगीवेळच्या आकड्यांनुसार, लोकांनी स्वतः केलेल्या चाचण्यांत लागण झालेल्या दर 12 जणांमागे साधारण एकाला चुकून निगेटिव्ह निकाल मिळू शकतो. उलट चूक 5,000 निरोगी माणसांत एखादी. शिवाय गेल्या 3 महिन्यांतली लागण यात दिसेलच असं नाही.

प्रेपच्या (लागण होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायच्या) गोळ्या चालू असतील तर हे घेऊ नका, प्रयोगशाळेतच जा. आणि धाकधूक कालपरवाच्या रात्रीची असेल तर दुकानाची पायरीही चढू नका, थेट इमर्जन्सी गाठा. पीईपीची, म्हणजे धोका घडून गेल्यावर लागण टाळण्यासाठी घ्यायची, औषधं 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकं बरं.

पाचपैकी चार तारे.