शहर रेखाटणाऱ्या प्रोग्रामरसाठी दोन मोफत साधनं: ओव्हरपास टर्बो आणि पीफाइव्ह एडिटर

नव्या शहरात पायी भटकताना कोड लिहिणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न येतात ते वेगळ्या जातीचे. इथले रस्ते कुठल्या दिशांना धावतात? आपण नेमकं कुठे रेंगाळलो? नदीकडे तोंड करून किती गल्ल्या उघडतात? हे प्रश्न हॉटेलवर परतल्यावर, त्याच संध्याकाळी पडद्यावर उतरले पाहिजेत. आठवडा गेला की फक्त फोटो उरतात. ओव्हरपास टर्बो आणि पीफाइव्हचा वेब एडिटर ही जोडी या कामाला आज सगळ्यात चांगली आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही ब्राउझरमध्ये चालतात, दोन्ही फुकट. खाचखळगे मात्र भरपूर आहेत, आणि ते बहुतेक मार्गदर्शिकांमध्ये सापडत नाहीत.

पार्श्वभूमी थोडक्यात. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४ साली सुरू झालेला, लोकांनी मिळून भरलेला जगाचा नकाशा. ओव्हरपास टर्बो त्यातून हवा तेवढा तुकडा काढून देतो. प्रोसेसिंग ही चित्रकारांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये एमआयटीत सुरू केली. तिचाच विचार लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये जावास्क्रिप्टमध्ये आणला, तो पीफाइव्ह.

सुरुवात लहान चौकटीने करा. पुण्याच्या पेठांसाठी दक्षिण १८.५०५, पश्चिम ७३.८४५, उत्तर १८.५२५, पूर्व ७३.८६५ ही चौकट पुरते, साधारण २.२ किलोमीटर उंच आणि २.१ किलोमीटर रुंद. क्रम हाच ठेवायचा: दक्षिण, पश्चिम, उत्तर, पूर्व. बाहेर पडणाऱ्या जिओजेसन (नकाशातल्या आकृती साठवणाऱ्या) फाइलमध्ये मात्र प्रत्येक बिंदू आधी रेखांश, मग अक्षांश असा येतो. पहिल्या प्रयत्नात पडदा कोरा दिसण्याचं सर्वांत नेहमीचं कारण ही अदलाबदलच असते.

ओव्हरपासमधला विझार्ड (एक शब्द टाकला की मागणी लिहून देणारी खिडकी) सोयीचा आहे, पण त्यात नुसतं हायवे टाकलं तर रस्त्यांबरोबर सिग्नल, बसथांबे आणि झेब्रा क्रॉसिंगचे सुटे बिंदूही येतात, कारण ओपनस्ट्रीटमॅपमध्ये हे सगळं हायवे याच खुणेखाली नोंदवलेलं असतं. क्वेरीत, म्हणजे त्या मागणीत, फक्त 'वे' (बिंदू जोडून झालेली रेषा) हा प्रकार ठेवा. तरीही एखादा मोकळा चौक किंवा पादचारी पटांगण रेषेऐवजी बहुभुज म्हणून येतं आणि रेषाच गृहीत धरून लिहिलेला कोड तिथे कोलमडतो. प्रत्येक आकृतीचा प्रकार तपासून रेषा तेवढ्याच घ्यायच्या. दोन ओळींचं काम आहे.

फाइल एकदाच उतरवा आणि जपून ठेवा. स्केच, म्हणजे पीफाइव्हमधला प्रोग्राम, चालवताना दर वेळी ओव्हरपासकडे विचारणा करू नका. तो लोकवर्गणीच्या बळावर चाललेला सर्व्हर आहे. फार विनंत्या गेल्या की ४२९ क्रमांकाची चूक दाखवून तो थांबवतो, आणि ते योग्यच आहे. शिवाय नकाशा रोज बदलतो, त्यामुळे जतन केलेली फाइल नसेल तर महिन्याभराने तेच चित्र पुन्हा निघेलच असं नाही. निर्देशांक सात दशांश स्थळांपर्यंत येतात, म्हणजे सेंटिमीटरभर अचूकता. हजार पिक्सेलच्या कॅनव्हासवर ही चौकट बसवली तर एक पिक्सेल दोन मीटरचा होतो. पाच स्थळं पुष्कळ झाली. तेवढ्या कापणीने फाइल चांगलीच हलकी होते आणि एडिटरमध्ये विनातक्रार चढते.

आता आकार. अक्षांश-रेखांश थेट पीफाइव्हच्या 'मॅप' फंक्शनला (एका पट्ट्यातला आकडा दुसऱ्या पट्ट्यात बसवणाऱ्या) देऊन चौरस कॅनव्हासवर पसरले तर शहर आडवं फुगतं. विषुववृत्तापासून दूर जावं तसा रेखांशाचा एक अंश आखडत जातो: अक्षांशाच्या कोसाइनइतका. पुण्यात हा गुणक ०.९४८ आहे, त्यामुळे चूक पाच टक्क्यांची आणि नजरेला न जाणवणारी. तोच कोड लंडनला नेला की गुणक ०.६२ होतो आणि थेम्सची वळणं दीडपटीहून जास्त ताणली जातात. वर दिलेल्या चौकटीसाठी हजार रुंदीला १०५५ उंची ठेवा. पडद्यावर वाय वरून खाली वाढतो, म्हणून वायचा अक्ष उलटा करायला विसरू नका, नाहीतर शनिवारवाडा स्वारगेटच्या बाजूला जाऊन बसतो.

इथपर्यंत आलं की काळ्या पार्श्वभूमीवर पांढरे रस्ते दिसतात. छान दिसतात, आणि बहुतेक जण इथेच थांबतात. अशी पोस्टरं दुकानांत ढिगाने मिळतात. त्यासाठी कोड लिहायची गरज नाही. या जोडीची खरी ताकद शहराला एकच प्रश्न विचारून त्याचं उत्तर काढण्यात आहे.

उदाहरणार्थ दिशा. रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याचा कोन काढायचा आणि त्या कोनानुसार रंग द्यायचा. रस्त्याला शेंडा-बुडखा नसतो, म्हणून कोन १८० अंशांत बसवायचा. पण तो रंगचक्रावर ३६० पर्यंत दुप्पट करून न्यायचा. नाहीतर एक अंशाचा आणि १७९ अंशांचा रस्ता जवळजवळ समांतर असूनही एक लाल तर दुसरा निळसर दिसेल. कोन रस्त्याच्या दोन टोकांवरून काढू नका, वळणदार रस्ता खोटा दिसतो. लागोपाठच्या दोन बिंदूंवरून काढा. पेठांवर हे चालवलं की लक्ष्मी रस्त्याची साधारण पूर्व-पश्चिम दिशा आणि बाजीराव, शिवाजी रस्त्यांची दक्षिणोत्तर दिशा असे दोन रंग ठळक उठतात, आणि मधल्या रंगांचे बोळ त्यांच्यातून डोकावतात. गर्दीत चालताना जो भाग गुंत्यासारखा वाटतो, त्याला कणा आहे हे डोळ्यांना दिसतं. दिशांचा आलेख काढायचा असेल तर तुकडे मोजू नका, त्यांची लांबी मोजा. वळणदार रस्त्यावर बिंदू जास्त असतात आणि नुसत्या मोजणीत तो उगाच भाव खातो.

दोन शहरांची तुलना करताना आणखी एक सावधगिरी. युरोपातल्या अनेक शहरांत पदपथ स्वतंत्र रेषा म्हणून नोंदवलेले असतात, त्यामुळे एका रस्त्याच्या तीन रेषा येतात. आपल्याकडे असं क्वचितच होतं. मग तिकडचं शहर जास्त दाट दिसतं, पण ती दाटी नकाशा भरणाऱ्यांच्या चिकाटीची असते. तुलनेआधी फूटवे हा पायवाटांचा प्रकार गाळा.

आता स्वतःच्या पावलांचा माग. ऑसमअँडसारखं कुठलंही ॲप फिरणं जीपीएक्स फाइलमध्ये (ठिकाण आणि वेळ यांच्या नोंदींची यादी) नोंदवतं. पीफाइव्ह ती एक्सएमएल म्हणून वाचतो. दर सेकंदाला नोंद ठेवली तर तासाला ३६०० बिंदू होतात. पायी फिरायला पाच सेकंदांचं अंतर पुरतं आणि बॅटरीही वाचते. उंच इमारतींमध्ये सिग्नल भिंतींवर आपटून येतो आणि रेषा रस्ता सोडून घरांतून जाते. माणूस सेकंदाला सुमारे १.४ मीटर चालतो. दोन नोंदींमधला वेग सेकंदाला पाच मीटरच्या वर गेला तर तो बिंदू टाकून द्या. लोकलमध्ये हा नियम अर्थातच लागू नाही; तिथे पत्र्याच्या डब्यात सिग्नल कमजोर असतो, खिडकीशी फोन धरला तर रेषा बरी येते. मुंबईची मेट्रो ३ जवळजवळ सगळी भुयारी, तिथे दोन टोकांना जोडणारी सरळ रेघ मिळते. ती तुटक काढा. जिथे माहिती नाही तिथे चित्राने तसं सांगावं.

थांबण्याच्या जागी मात्र गाळणी लावू नये. टपरीवर उभं राहिलं, पुस्तकांच्या दुकानात रमलं की जीपीएस आजूबाजूला डुलत राहतं आणि सुताच्या गुंडीसारखा गुंता तयार होतो. बहुतेक कोड हा गुंता साफ करून टाकतात. प्रवासाच्या चित्रातला तोच मोलाचा ऐवज आहे. वीस मीटरच्या आत तीन मिनिटांहून जास्त वेळ गेला तर तिथे वर्तुळ काढा, त्याचं क्षेत्रफळ वेळेच्या प्रमाणात ठेवा. त्रिज्या प्रमाणात ठेवली तर लांबचा थांबा अवास्तव मोठा दिसतो.

वेळेनुसार रंग देणार असाल तर जीपीएक्समधली वेळ जागतिक प्रमाणवेळ असते. सकाळी सहाची फेरी साडेबाराची रात्र म्हणून नोंदलेली असते. जावास्क्रिप्टचा डेट प्रकार ती ब्राउझरच्या स्थानिक वेळेत बदलतो, म्हणजे सिंगापूरची भटकंती घरी येऊन रेखाटली तर सगळं अडीच तास आधी सरकतं. ज्या शहराचा माग, त्या शहराचा फरक कोडमध्ये स्वतः लिहा.

रस्त्यांची मराठी नावं लिहायची असतील तर ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठीसाठी नावाची वेगळी खूण आहे. सगळीकडे भरलेली नाही, म्हणून ती नसेल तेव्हा मूळ नाव वापरायची सोय ठेवा. पीफाइव्हच्या पहिल्या मालिकेत (१ ने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांत) 'लोडफॉन्ट'ने आणलेल्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं तुटतात आणि ऱ्हस्व इकार चुकीच्या जागी पडतो. हा या साधनाचा मला सर्वांत खटकणारा दोष. उपाय सोपा आहे: एक टाइपचा मुक्ता किंवा बालू हा फॉन्ट पानाच्या स्टाइलशीटमधून जोडा आणि 'टेक्स्टफॉन्ट'ला फक्त त्याचं नाव द्या. मग अक्षरजुळणी ब्राउझर करतो आणि ती बिनचूक असते. नाव वळणदार रस्त्यावर एकेक अक्षर करून बसवू नका, मात्रा सुट्या होतात. शब्द अखंड ठेवून फिरवा.

एडिटरच्या तक्रारी. नेट गेलं की काम थांबतं, आणि प्रवासात ते जातंच. निघण्यापूर्वी स्केच झिप करून लॅपटॉपवर उतरवा आणि पीफाइव्हची फाइलही सोबत ठेवा, कारण पानातला दुवा तिला नेटवरूनच मागतो. नुसत्या डबल क्लिकने पान उघडलं तर ब्राउझर डेटाची फाइल वाचू देत नाही. पायथनचा छोटा सर्व्हर त्या फोल्डरमध्ये चालवला की अडचण सुटते. दुसरं, २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत 'प्रीलोड' हे फाइली आधी चढवणारं फंक्शन काढून टाकलं आहे. जुनी उदाहरणं तिथे चालत नाहीत. शिकणाऱ्याने सध्या पहिली मालिका निवडावी. तिसरं, चित्र स्थिर असेल तर 'नोलूप' लिहा. नाहीतर तेच चित्र सेकंदाला साठ वेळा काढत पंखा गरगरतो.

छपाईचं गणित वेगळं. ३०० डीपीआयला ए४ म्हणजे २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल. पीफाइव्ह पडद्याची घनता आपणहून धरतो, रेटिना पडद्यावर हे चौपट होतं. म्हणून कॅनव्हास बनवण्याआधी 'पिक्सेलडेन्सिटी' एकवर आणा. अनेक आयफोनांवर कॅनव्हासच्या एकूण पिक्सेलची मर्यादा ४०९६ गुणिले ४०९६ इतकी असते. ए३ त्याच्या किंचित वर जातो आणि तिथे कोरा निघतो. रेषा किमान तीन पिक्सेलची ठेवा, म्हणजे कागदावर पाव मिलिमीटर. एक पिक्सेलची रेष छापल्यावर विरते. पेन प्लॉटरवर काढायचं असेल तर एसव्हीजी (पिक्सेलऐवजी रेषा साठवणारी फाइल) काढून देणारी पूरक लायब्ररी पहिल्या मालिकेसोबत चालते.

ज्यांना अचूक नकाशा हवा त्यांनी क्यूजीआयएस हे नकाशाचं सॉफ्टवेअर घ्यावं, तिथे प्रक्षेपणाची (गोल पृथ्वी सपाट करण्याची) डोकेदुखी नाही. ज्यांच्याकडे लाखो बिंदू आहेत त्यांना डेस्कटॉपवरचं प्रोसेसिंग जास्त झेपेल. बाकी, संध्याकाळी एक प्रश्न आणि रात्री एक चित्र असं काम करणाऱ्यांनी ही जोडी डोळे मिटून घ्यावी. यादृच्छिक काही वापरलं असेल तर 'रँडमसीड' (यादृच्छिक आकड्यांची सुरुवात ठरवणारा आकडा) ठरवून द्या आणि तो आकडा फाइलच्या नावात लिहा, आवडलेलं चित्र पुन्हा काढता येतं. चित्र छापा, विका किंवा भेट द्या. कोपऱ्यात ओपनस्ट्रीटमॅपच्या योगदानकर्त्यांचा उल्लेख असलाच पाहिजे. ती परवान्याची अट आहे.