फ्रीसलंडची अकरा शहरांची फेरी: रोड बाईकच्या नजरेतून

नेदरलंड्सच्या उत्तरेतला फ्रीसलंड प्रांत म्हणजे गायरानं, तळी आणि त्यांना जोडणारे कालवे. हे कालवे पुरेसे गोठले तर त्यांच्यावरून अकरा जुन्या शहरांना भेट देणारी, सुमारे दोनशे किलोमीटरची स्केटिंगची ‘एल्फस्टेडनटोख्त’ होते. पहिली १९०९ साली झाली आणि शेवटची ४ जानेवारी १९९७ रोजी. तीच शहरं सायकलने जोडली तर फेरी साधारण २३५ किलोमीटरची होते, आणि तिला बर्फाची वाट पाहावी लागत नाही.

रोड बाईकसाठी निकाल असा: नैऋत्येकडचा अर्धा भाग उत्तम, उत्तरेकडचा ठीकठाक. सगळी फेरी एका दिवसात करायची असेल तर तारीख वाऱ्याचा अंदाज पाहून ठरवा, सुट्टी पाहून नाही. सपाट प्रदेश आहे म्हणजे २३५ किलोमीटर सहज निघतील, या हिशेबावर आलेले लोक संध्याकाळी रेल्वे स्टेशन शोधताना दिसतात.

वाऱ्याचा हिशेब नीट समजून घ्या. इथे वारा बोफर्टमध्ये, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या ० ते १२ च्या श्रेणीत, सांगतात. ४ म्हणजे ताशी २० ते २८ किमी, ५ म्हणजे २९ ते ३८. ताशी ३० ने चालवताना समोरून २५ चा वारा आला की अंगावर आदळणारी हवा ताशी ५५ ची होते. अंदाजातला आकडा दहा मीटर उंचीवरचा असतो, सायकलच्या उंचीवर तो कमी होतो. पण कुरणात आडोशाला झाड नाही आणि उघड्या बांधावर तर काहीच नाही, त्यामुळे त्या फरकावर विसंबू नये. ४ पर्यंत पूर्ण फेरी जमते, ५ ला अर्धीच करावी, ६ ला बांधाच्या वाटेला जाऊ नये.

इथला वारा बहुतेक वेळा नैऋत्येचा. पारंपरिक क्रम लेउवार्डन, स्नेक, आयल्स्ट, स्लोटन, स्टाव्होरन, हिंडेलोपन, वर्कुम, बोल्सवार्ड, हार्लिंगन, फ्रानेकर, डोक्कुम आणि परत लेउवार्डन असा आहे. म्हणजे स्टाव्होरनपर्यंत वारा तोंडावर, मग हार्लिंगनपर्यंत आडवा, फ्रानेकर ते डोक्कुम पाठीवर. इथवर छान. पण डोक्कुमहून लेउवार्डनला परतताना, दोनशे किलोमीटर पायांत असताना, तो पुन्हा तोंडावर येतो. यावर सोपा उपाय म्हणजे डोक्कुमलाच सुरुवात करून तिथेच संपवणं. वसंतात कोरड्या हवेत वारा ईशान्येचाही असतो. तेव्हा स्टाव्होरनला सुरुवात करून तिथेच संपवा.

आडव्या वाऱ्यात गटाचाही उपयोग कमी. तिरकी रांग धरायला रुंदी लागते आणि सायकलवाट बरेचदा दोन-अडीच मीटरचीच, तीही दुहेरी वाहतुकीची. दोघा-तिघांना आडोसा मिळतो, बाकीचे कडेच्या गवतालगत लटकतात. चार-चारचे तुकडे पाडणं बरं. खोल रिम, म्हणजे आडवा वारा धरणारी उंच कडेची चाकं, निदान पुढची, घरीच ठेवा.

एकच दिवस हाताशी असेल तर स्नेकहून निघणारी छोटी फेरी घ्या: आयल्स्ट, वाउडसेंड, स्लोटन, बाल्क, आउडेमिर्डुम, स्टाव्होरन, हिंडेलोपन, वर्कुम, बोल्सवार्ड, स्नेक. वाट थोडी इकडेतिकडे झाली तरी शंभरच्या आसपास राहते. या प्रांतातलं पाहण्यासारखं पाणी बहुतेक इथेच आहे. मात्र तळ्याकाठच्या सलग रस्त्याची अपेक्षा ठेवू नका. फ्रीसलंडची तळी आणि मोठे कालवे यांची पातळी समुद्रसपाटीच्या ठरलेल्या शून्याखाली अर्धा मीटर, म्हणजे उणे ०.५२ मीटरवर, राखली जाते आणि बाजूची उपसलेली शेतं त्याहून खाली असतात. रस्ता शेताच्या पातळीवर असला की पाणी बांधाआड जातं. गवतावरून सरकणारी शिडं तेवढी दिसतात. पाणी हवं तर पुलांवर थांबा.

बाल्कनंतर खास्टरलंडचा टापू लागतो. हिमयुगातल्या हिमनद्यांनी ढकललेल्या मातीचे उंचवटे, दहा-बारा मीटरचे, आणि चक्क झाडी. नैऋत्य वाऱ्यात सगळ्या फेरीतला हाच खरा आडोसा, तेव्हा खाणंपिणं इथे उरकून घ्यावं. स्टाव्होरन ते वर्कुम हा आयसेलमेर या मोठ्या सरोवराच्या बांधालगतचा तुकडा सर्वांत वेगवान. बांधाच्या पाण्याकडच्या अंगाला देखावा आहे, जमिनीकडच्या अंगाला आडोसा. पश्चिमेचा वारा जोरात असेल तर देखावा सोडा.

रस्त्याच्या पृष्ठभागाबद्दल तक्रारीला जागा आहे. तळ्यांचा भाग पीटच्या, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींच्या, मऊ जमिनीवर आहे. ती खचते, डांबर लाटांसारखं होतं आणि कडेने फाटतं. म्हणून बऱ्याच सायकलवाटा काँक्रीटच्या आहेत. त्या टिकतात, पण दर काही मीटरवर सांधा बसतो आणि दोनेक तासांनी मनगटं कुरकुरतात. गावांत विटांचे रस्ते. ओल्या, शेवाळलेल्या विटांवर वळताना ब्रेक सोडून द्या. काही वाटा शिंपल्यांच्या चुऱ्याच्या असतात, कोरड्या असताना चालतात, पावसानंतर साखळी आणि गिअरची चक्रं पांढरी होतात. २५ मिमी टायर इथे हट्टाचा मामला आहे. २८ किमान, ३० ते ३२ योग्य. सत्तर किलोच्या स्वाराला हवेचा दाब २८ ला साधारण ५ बार आणि ३२ ला ४ बार पुरे. मागच्या चाकाला ११-३४ ची, म्हणजे ११ ते ३४ दात्यांच्या चक्रांची, गरज नाही. ११-२८ मधले गिअर जवळजवळ असतात आणि वाऱ्यात लय टिकवायला तेच कामी येतात.

मार्ग शोधायला जोडबिंदूंची पद्धत आहे: चौकाचौकांत क्रमांक आणि पुढच्या क्रमांकाकडे बाण. बेल्जियमच्या लिम्बर्गमध्ये १९९५ साली ती सुरू झाली. कल्पना हुगो बोलेन या खाण अभियंत्याची. क्रमांकांची यादी चिकटपट्टीवर लिहून सायकलच्या वरच्या आडव्या नळीला लावली की नकाशा लागत नाही. दोष दोन. क्रमांक ९९ च्या पुढे जात नाहीत, त्यामुळे तोच क्रमांक दुसऱ्या टापूत पुन्हा भेटतो. आणि हे जाळं निवांत फिरणाऱ्यांसाठी आखलेलं आहे, शिंपल्यांच्या वाटेवर ते खुशाल नेतं. उलट ॲपमध्ये रोड बाईकचा पर्याय निवडला तर मार्ग कधी मोटाररस्त्यावर पडतो, जिथे शेजारी निळी गोल पाटी असलेली सायकलवाट आहे. ती पाटी दिसली की सायकलवाट वापरणं सक्तीचं. घंटीही कायद्याने लागते.

बरेच वाईट अपघात मात्र खांबांमुळे होतात. मोटारी शिरू नयेत म्हणून सायकलवाटेच्या मधोमध खांब असतो आणि चाकाला चिकटून येणाऱ्याला तो शेवटच्या क्षणी दिसतो. पुढच्याने ‘पाल्ट्ये!’ (खांब!) असं ओरडायचं आणि हातही दाखवायचा. बांधावर मेंढ्या चरतात, म्हणून गुरं अडवणाऱ्या लोखंडी जाळ्या येतात: काटकोनात, ब्रेक न लावता, हाताची पकड सैल ठेवून ओलांडा. शिडाच्या बोटींसाठी पूल उघडतात. जुलै-ऑगस्टमध्ये सरासरी वेगाचा नाद सोडलेला बरा.

उत्तरेचा भाग चिकणमातीचा, बटाटा आणि बीटचा. शरद ऋतूत ट्रॅक्टरची माती रस्त्यावर येते आणि पावसात साबण होते. फ्रानेकर ते डोक्कुम चाळीसहून अधिक किलोमीटर एकही शहर नाही, दोन्ही बाटल्या भरून निघा. डोक्कुमच्या अलीकडे बार्टलहीमचा छोटा पूल लागतो. स्केटिंगवाल्यांसाठी तो पवित्र, सायकलवाल्यांसाठी फोटोपुरता.

पेंटेकॉस्ट या ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या सोमवारी बोल्सवार्डहून हीच फेरी सुमारे १५,००० जण एकत्र करतात. वातावरणासाठी जरूर जा, वेगासाठी नको.

मधेच सोडून द्यायचं झालं तर लेउवार्डन–स्नेक–स्टाव्होरन रेल्वेमार्ग आयल्स्ट, वर्कुम आणि हिंडेलोपनलाही थांबतो. लेउवार्डनहून पुढे राष्ट्रीय रेल्वेत सायकलला वेगळं तिकीट लागतं, आणि जुलै-ऑगस्ट सोडून कामाच्या दिवशी ६:३० ते ९ आणि १६ ते १८:३० या वेळात ती नेता येत नाही.