विरघळणारा स्क्रू की टायटॅनियमचा?

सोलापुरात एसीएलचं (गुडघ्यातल्या तुटलेल्या लिगामेंटच्या जागी ग्राफ्ट, म्हणजे नवा पट्टा, बसवण्याचं) ऑपरेशन ठरलं की हा प्रश्न नातेवाइकांपुढे येतोच. बहुतेकजण विचारतात, ‘किती दिवसांत विरघळेल?’ त्याआधी विचारा, ताकद किती दिवस टिकेल?

ग्राफ्ट हाडात पकडून ठेवणारे हे विरघळणारे स्क्रू साबणासारखे वरून झिजत नाहीत. शरीरातलं पाणी आत शिरून पॉलिमरच्या, म्हणजे स्क्रूच्या प्लास्टिकसारख्या पदार्थाच्या, साखळ्या तोडतं. आधी साखळ्या आखूड होतात, मग ताकद जाते, वजन सगळ्यात शेवटी घटतं. म्हणजे स्क्रू जागेवर असूनही निकामी झालेला असू शकतो. जाड स्क्रूत तुटलेल्या तुकड्यांचं आम्ल मधोमध साचतं, त्यामुळे गाभा आधी पोखरतो. साधा पॉलिमर एक्स-रेत दिसत नाही, दिसतं ते हाडातलं भोक.

ग्राफ्ट हाडात धरायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात. पीजीए या पॉलिमरची ताकद महिन्याभरात जाते आणि आम्ल एकदम सुटल्यानं जंतू नसतानाही जखम स्रवते. या कामाला तो नकोच. पीएलएलए हा दुसरा पॉलिमर महिनोन्‌महिने पकड ठेवतो, पण पुरता जायला २ ते ५ वर्षं, कधी त्याहून जास्त. उशिरा सूज किंवा सिस्ट (द्रव भरलेली पोकळी) होते ती याच काळात. पीएलजीए लॅक्टिक आणि ग्लायकॉलिक आम्लापासून बनतो, त्यात सगळं या दोन घटकांच्या प्रमाणावर आहे: ५०:५० एक-दोन महिन्यांत संपतो, ८५:१५ पाच-सहा महिन्यांत. विरघळणाराच हवा असेल तर ट्रायकॅल्शियम फॉस्फेट मिसळलेला मागा. तो क्षार आम्ल मारतो आणि हाड भरायला मदत करतो.

टायटॅनियम स्वस्त आणि भक्कम. मात्र पुढे एमआरआय काढला तर स्क्रूभोवतीचं चित्र बिघडतं, आणि पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर बरेचदा आधी तो काढावा लागतो. उलट पॉलिमरचा स्क्रू बसवतानाच पिळून मोडू शकतो, विशेषतः तरुणांच्या कडक हाडात. तिथे आधी टॅपनं आटे पाडावेत आणि ड्रायव्हर स्क्रूत शेवटपर्यंत घालावा. खेळाडू असाल आणि पुन्हा एमआरआय लागण्याची शक्यता असेल, तरच जास्तीचे पैसे मोजण्यात अर्थ आहे, असं आमचं मत.

सामान तुम्हालाच आणायला सांगितलं, तर मे महिन्यात ते गाडीच्या डिकीत ठेवू नका. पीएलजीए ४५ ते ५० अंशांच्या आसपास मऊ पडतो आणि उन्हातली डिकी तेवढी सहज तापते. फॉइलला बारीक छिद्र असलं तरी हवेतला ओलावा आत जाऊन साखळ्या तुटायला लागतात, म्हणून असं पाकीट परत करा. एक्स्पायरी बघून घ्या. उघडलेला स्क्रू ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेनं निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालून पुन्हा वापरायचा नाही.