मुलांच्या छापील पिशव्या घरी करायच्या तर: भेंडी, लाकडी ठसा, स्टेन्सिल की स्क्रीन?

बोरन्हाणाला येणाऱ्या मुलांच्या हातात लूट भरून न्यायला कापडी पिशवी द्यायची, तीही घरी छापलेली, असं ठाण्यातल्या बऱ्याच घरांत हल्ली ठरतं. ठरतं दिवाळीनंतर लगेच, आणि डिसेंबर उजाडला तरी गाडी ‘कशाने छापायचं?’ इथेच अडलेली असते. मग शेवटच्या आठवड्यात कोणीतरी नाक्यावरून रंगीत पिशव्यांचा गठ्ठा घेऊन येतं. हाताला कापडासारखी लागणारी ही नॉन-वोव्हन पिशवी बहुतेकदा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकचीच असते. महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकबंदी आली आणि त्यानंतर दुकानोदुकानी या पिशव्या कापडाच्या नावाने मिरवू लागल्या.

पद्धती चार आहेत. त्या स्वस्त-महाग अशा लावून बघण्यात फारसा अर्थ नाही, कारण घरगुती प्रमाणात सगळ्यात जास्त खर्च होतो तो तुमच्या वेळेचा. आधी ठरवायचं ते एवढंच, की छापणार कोण? मूल छापणार आणि तुम्ही शिवणार, का सगळं तुम्हीच करून मुलांना तयार पिशवी देणार? याचं उत्तर मिळालं की चारातल्या दोन पद्धती आपोआप गळतात.

तयार पिशवी की कापड आणून शिवायची?

ठशांआधी कापडाचं बोलू, कारण छपाई बिघडते ती जास्त करून इथे.

तयार कोरी पिशवी घेतली तर शिलाई वाचते. मशीन घरात नसेल तर दुसरा मार्गही नाही. पण तयार पिशवीवर छापताना कडेच्या शिवणी आणि तळाची घडी ठशाखाली येते, तिथे रंग उठत नाही. आत पुठ्ठा घातला नाही तर मागच्या बाजूलाही डाग उमटतो. शिवाय एखादी पिशवी बिघडली की अख्खी पिशवी गेली.

कापड आणून छापायचं असेल तर क्रम पक्का ठेवा: आधी धुणं, मग कापणं, मग छपाई, मग इस्त्री आणि सगळ्यात शेवटी शिवण. सपाट तुकड्यावर ठसा नीट बसतो, इस्त्री सहज फिरते आणि बिघडलेला तुकडा बाजूला काढून दुसरा घेता येतो. बिघडलेले तुकडे आतल्या खिशाला वापरा. मुलांना असला छुपा खिसा बाहेरच्या चित्रापेक्षा जास्त आवडतो, असं माझं निरीक्षण आहे.

कापड कोणतं? पहिल्यांदा करणाऱ्याने मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, घ्यावा. कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, आणि खळ असलेल्या कापडात रंग मुरत नाही, वर तरंगत राहतो आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा सुटतो. म्हणून कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, सकाळी गरम पाण्यात साबण घालून धुवा. कापड अंगचं आटतंही ते याच वेळी. न धुता शिवलेली पिशवी पहिल्या धुण्यात आखडते आणि चित्र बिचारं तिरकं होतं. शेवटच्या पाण्यात सॉफ्टनर घालू नका, रंग धरायला तोही आडवा येतो.

कॅनव्हास दिसतो देखणा आणि टिकतोही. पण घरच्या मशीनवर पिशवीचे बंद (धरायचे पट्टे) जोडताना त्याचे चार-सहा थर एकावर एक येतात आणि तिथे 14 नंबरची सुई मोडते. 16 किंवा 18 नंबरची सुई लावा, त्या जागी चाक हाताने फिरवा आणि घाई करू नका. पुस्तकांची पिशवी असेल तर हा त्रास घेण्यासारखा आहे. बोरन्हाणाच्या बोरं-चुरमुऱ्यांसाठी कॅनव्हास म्हणजे उगाच थाट.

जुनी चादर किंवा सुती साडीचा काठ सोडून उरलेला भाग हा तिसरा पर्याय. कित्येकदा धुतलेलं कापड, त्यामुळे खळ नाही आणि आटायचं ते आटून झालेलं. छपाई सुंदर उठते. फक्त उजेडासमोर धरून विरलेली जागा बघून घ्या. पातळ असेल तर अस्तर लावा.

आता हिशोब. पहिली-दुसरीच्या मुलाला 25 बाय 30 सेंटीमीटरची पिशवी पुरते. तळाला घडी ठेवून एकच लांब तुकडा कापायचा: रुंदी 28, लांबी 68. 36 इंची पन्ह्याच्या, म्हणजे रुंदीच्या, एक मीटर कापडात असे तीन तुकडे शेजारी-शेजारी बसतात, आणि खाली उरलेल्या पट्टीतून 8 सेंटीमीटर रुंद, 42 लांब असे सहा बंद निघतात. म्हणजे मीटरमागे बंदांसकट तीन पिशव्या, थोडं आटलं तरी. तुकड्याच्या बरोबर मध्ये, जिथे तळ येणार, तिथे खडूने रेघ मारून ठेवा. नाहीतर मूल मोठ्या आनंदाने मासा नेमका तळाशी छापतं, आणि मागच्या बाजूची चित्रं उलटी टांगलेली निघतात.

एक सावधगिरी. नाडी ओढून बंद होणारी पिशवी गोंडस दिसते, पण लहान मुलांसाठी लांब नाडी नकोच, ती गळ्यात अडकते. आखूड बंदांची उघडी पिशवी बरी.

भेंडी, बटाटा, पानं

मूल चार-पाच वर्षांचं असेल तर पुढचं वाचायचीही गरज नाही, हीच पद्धत. भेंडी देठाकडून आडवी कापली की पाकळ्यांचं फूल मिळतं, कारल्याची चकती काटेरी सूर्यासारखी उमटते. जास्वंदीचं किंवा पिंपळाचं पान पालथं घालून, शिरांच्या बाजूला रंग लावला तर जाळी उमटते.

भाजीचा ठसा ओला असतो, तेवढंच लक्षात ठेवायचं. कापलेला बटाटा पुसून पंधरा मिनिटं जुन्या फडक्यावर पालथा ठेवा, नाहीतर त्याचं पाणी रंगात मिसळून कडा फुटतात. ठसा रंगात बुडवायचा नाही. ताटलीत स्पंज ठेवून त्यावर रंग पसरायचा आणि ठसा स्पंजावर टेकवायचा. कापडाखाली चादरीची दोन-तीन पदरी घडी घाला, कडक टेबलावर ठशाचा मध्यभाग कोरा राहतो. हा ठसा त्याच दिवसापुरता. दुसऱ्या दिवशी त्याची कड मऊ पडते आणि तीच भेंडी परत तशी कापली जात नाही. पंधरा पिशव्या एकसारख्या हव्यात असा हट्ट असेल तर इथे निराशा होईल. मला विचाराल तर लहान मुलांच्या पिशव्या एकसारख्या नसाव्यातच. ‘ही माझी’ हे ओळखायला तेवढं बरं पडतं.

भाजी वापरायला जीव धजत नसेल तर चपलेच्या जुन्या तळव्याचा किंवा क्राफ्टच्या फोमचा आकार कापून लाकडी ठोकळ्यावर चिकटवा. तो कितीतरी दिवस चालतो.

लाकडी ठसा

हा मोठ्यांचा आणि आठ-नऊ वर्षांपुढच्या मुलांचा. ठसे कोरण्यासाठी गुजरातमधलं गांधीनगरजवळचं पेथापूर प्रसिद्ध आहे, आणि छपाईसाठी राजस्थानातलं बगरू आणि सांगानेर. आपल्याकडे बघायचे तर बेलापूरच्या सिडकोच्या अर्बन हाटमध्ये हस्तकलेची प्रदर्शनं भरतात, तिथे ठशाच्या छपाईचं कापड हातात घेऊन बघता येतं. कड कशी उठते, दोन ठसे जोडतात तिथे रेघ कशी दिसते, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की घरी काय करायचं ते कळतं.

लाकडी ठशाची खरी किंमत पुढच्या वर्षी वसूल होते. एक हत्ती, एक पान, एक ठिपका एवढे तीन ठसे घेतले तर पिशव्या, रुमाल, उशीचे अभ्रे, सगळं निघतं. नवा ठसा काही दिवस तेलात मुरवायचा, म्हणजे लाकूड तडकत नाही. काम झाल्या-झाल्या जुन्या टूथब्रशने धुवायचा. कोरीव कामात वाळलेला रंग मग टाचणीनेही निघत नाही. बारीक नक्षीचा ठसा मात्र पहिल्यांदा घेऊ नका. मांजरपाटाच्या जाड विणीत ती नक्षी भरून जाते आणि मोराचा गोळा दिसतो.

स्टेन्सिल: नाव घालायचं असेल तर

पिशवीवर मुलाचं नाव हवं असेल तर ठसा विसरा. ठशात नाव आरशातल्यासारखं उलटं कोरावं लागतं, आणि बटाट्यावर उलटी वेलांटी कोरणं हे कोणालाही शिक्षा म्हणून द्यावं असं काम आहे. स्टेन्सिल म्हणजे आकार कापून काढलेली शीट, तिच्या फटीतून रंग कापडावर उतरतो, त्यामुळे अक्षर सरळच कापायचं असतं.

पण देवनागरीची आपली एक अडचण आहे. ‘व’, ‘ब’, ‘क’ कापले की पोटातला तुकडा सुटून पडतो. ‘म’ आणि ‘स’मध्ये शिरोरेषेखालची सगळी चौकटच सुटते. वेलांटीच्या कमानीखालचीही तीच गत. उपाय असा की प्रत्येक बंद जागेला दोन-तीन मिलिमीटरचा पूल ठेवायचा आणि शिरोरेषा सलग न कापता अक्षरागणिक तोडायची. सलग कापली तर तेवढी लांब फट मध्येच उचलली जाते आणि खाली रंग पसरतो. तारा, गगन अशी नावं चटकन होतात. वैभवी कापायला बसलात तर आधी चहा ठेवा. नाहीतर फक्त आद्याक्षर घ्या, मोठं आणि ठसठशीत. खरं म्हणजे अनोळखी माणसालाही वाचता येईल असं पूर्ण नाव लहान मुलाच्या पिशवीवर दर्शनी भागात नसलेलंच बरं. ते आतल्या खिशावर घाला.

कापायला जुना एक्स-रे किंवा ओएचपीची (ओव्हरहेड प्रोजेक्टरची) पारदर्शक प्लास्टिक शीट चांगली. कागद दोन-तीन छपायांत भिजून वाकतो. ब्लेड मोठ्यांनीच धरायचं, मुलांना स्पंज द्यायचा. ब्रशने रंगवलं की रंग कडेखाली ढकलला जातो. स्पंज जवळजवळ कोरडा असू द्या आणि वरून टिपत जा, घासू नका. एक मोठं माणूस आणि सहा वर्षांपुढचं एक मूल, अशी कामाची वाटणी यात चांगली जमते. सगळं जमेस धरलं तर पंधरा-वीस पिशव्यांसाठी माझं मत स्टेन्सिललाच आहे.

स्क्रीन

सोसायटीच्या गणपतीला दीडशे पिशव्या करायच्या असतील किंवा विकायच्या असतील तर स्क्रीन, म्हणजे चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, जिच्यातून रंग कापडावर उतरतो. लग्नपत्रिका आणि व्हिजिटिंग कार्ड छापणारे स्क्रीन प्रिंटिंगवाले तुमच्या चित्राची स्क्रीन तयार करून देतात. ‘कापडासाठी हवी’ हे आधी सांगा, कारण कापडाला कागदापेक्षा मोकळी जाळी लागते. एका रंगाला एक स्क्रीन, दोन रंग म्हटले की दोन. रंग जाळीत वाळला की स्क्रीन गेलीच म्हणून समजा, त्यामुळे मध्ये फोन घ्यायचा नाही. वीस पिशव्यांसाठी हा सगळा उपद्व्याप करू नका. मुलांना यात फारसं काही करायलाही उरत नाही.

रंग

पाण्यात मिसळणारे, कापडासाठीचे ॲक्रिलिक रंग घ्या, लेबलवर ‘फॅब्रिक’ लिहिलेले. पोस्टर कलर धुण्यात जातो. साधा ॲक्रिलिक जाड लावला तर कडक होऊन तडकतो. घरात उरलेला ऑइल पेंट मुलांच्या वस्तूला लावू नका. रंगातल्या शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90) करणारा नियम 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, माळ्यावरचा डबा त्याआधीचाही असू शकतो. मुलं बंद चावतात, म्हणून बंद कोरेच ठेवा.

हळद-बिटाचे ‘नैसर्गिक’ रंग हौसेपुरते ठीक. हळद उन्हात उडते आणि साबण लागला की लाल होते, बीट पहिल्याच पाण्यात निघून जातं.

छापलेलं कापड चोवीस तास सपाट वाळू द्या. घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामाची धूळ बाल्कनीत येते, तिथे ओली छपाई बाहेर टाकली तर चित्रावर बारीक वाळूचा थर बसतो. घरात पंख्याखाली वाळवा. मग उलट्या बाजूने, वाफ बंद करून, सुतीच्या तापमानावर इस्त्री फिरवा. किती मिनिटं ते बाटलीवर दिलेलं असतं, बहुतेक तीन ते पाच. एक तुकडा तीन दिवसांनी धुऊन बघा आणि मगच बाकीचे शिवायला घ्या.

कुठे आणि कधी

कापड, दोरा, रंग सगळं ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात फिरून मिळतं. जास्त मीटर लागणार असतील तर मुंबईचं मंगलदास मार्केट परवडतं, पण रविवारी ते बंद असतं. तिथूनच चालत अब्दुल रहमान स्ट्रीटला क्राफ्टचं सामान मिळतं, म्हणजे एका लोकल प्रवासात दोन्ही कामं उरकतात. नवी मुंबईकरांनी वाशीत कापड बघावं, लाकडी ठसे मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावे लागतील.

बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करतात, त्यामुळे हाताशी वेळ असतो. कापड धुऊन, कापून नाताळच्या सुटीआधी तयार ठेवा. मुलं घरी असतात, हवा कोरडी असते, छपाई त्या आठवड्यात होऊन जाते. शिवायला जानेवारीचा पहिला पंधरवडा उरतो. पावसाळ्यात, शाळा सुरू होताना करायच्या असतील तर भाजीचे ठसे टाळा आणि स्टेन्सिलने पातळ रंग द्या. जुलैच्या दमट हवेत जाड थर दोन-दोन दिवस चिकट राहतो, आणि तसेच घडी घातलेले तुकडे एकमेकांना चिकटतात.